बंडीपासून छोट्या हत्तीपर्यंत : वाशीम जिल्ह्याची मालवाहतूक आणि डिझेल इंजिनाची कथा



दिवाळीच्या आगेमागे वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरुळपीर, यांपैकी कोणत्याही बाजार समितीच्या फाटकाशी सकाळी उभे राहावे आणि आत येणाऱ्या गाड्या पाहाव्यात. सोयाबीनची पोती भरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात, चारशे सात येतात, पिकअप येतात. आणि साऱ्या महाराष्ट्राने जिला कौतुकाने ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले, ती लहानगी गाडीही येते. बैलबंडी आता क्वचितच दिसते. या गाड्यांचे रंग वेगळे, आकार वेगळे, कारखाने वेगळे. पण त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात एकाच जातीचे इंजिन धडधडत असते. ते म्हणजे डिझेल इंजिन. हे इंजिन आपल्याकडे कसे आले, मोठ्या मालमोटारीतून लहान गाडीत कसे उतरले, आणि ‘मालाची गाडी म्हणजे डिझेलचीच’ हा आपला जुना ठोकताळा आज पुन्हा तपासून का पाहावा लागतो, हे आज पाहू.

विषय यंत्राचा आहे खरा, पण त्यातला प्रश्न शेतकऱ्याच्या पदराशी बांधलेला आहे. पीक पिकवणे कास्तकाराच्या हाती असते. पण ते कोणत्या बाजारात आणि कोणत्या दिवशी विकायचे, हे पुष्कळदा माल नेणाराच ठरवतो. गाडी दुसऱ्याची असली म्हणजे त्याच्या सवडीने थांबावे लागते, आणि पडत्या भावात विकून मोकळे व्हावे लागते. म्हणून वाहतुकीचा इतिहास हा शेतमालाच्या भावाचाही इतिहास आहे.

आपल्या मुलखाची ठेवण आधी ध्यानात घ्या. वऱ्हाडचे जुने लोक आपल्या प्रांताचे दोन भाग सांगत. पूर्णेच्या खोऱ्यातला सखल भाग तो पायनघाट, आणि दक्षिणेचे उंच पठार तो बालाघाट. वाशीम हे बालाघाटावरचे गाव. वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म या नावाने ते राजधानीचे नगर होते. इंग्रजी अमलात ते काही काळ स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात मिळवला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. पठारावर कापूस पिके, ज्वारी पिके. पण मोठी बाजारपेठ घाट उतरून खाली, अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती.

रस्ते नव्हते तेव्हा हा माल बैलांच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठींवर गोण्या लादून धान्य, मीठ आणि कापूस मुलूखभर वाहत. वऱ्हाडचा कापूस या रीतीने थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे जो समाज आज लाखोंनी जमतो, त्याच्या पूर्वजांचा हा पिढीजात धंदा. पुढे सडका झाल्या आणि आगगाडी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचला, आणि तांड्यांचा धंदा बुडाला. एक साधन आले की दुसऱ्याची रोजी जाते. या कथेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल.

आगगाडी आली ती खाली पायनघाटात. वाशीमचा कापूस स्टेशनाला न्यायचा तर बंडीच जुंपावी लागे. वाशीम ते अकोला हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि वाटेत पातूरचा घाट. भरल्या बंडीला बैल दिवसाकाठी पंचवीस-तीस किलोमीटर ओढतात. म्हणजे जाताना तीन मुक्काम तरी पडत. बैलांची वैरण, धुरकऱ्याची भाकरी आणि तितक्या दिवसांचा खोळंबा, हे सारे भाड्यातच धरायला हवे. त्यामुळे पुष्कळ कास्तकार गावात आलेल्या व्यापाऱ्यालाच माल देत, आणि व्यापारी सांगेल तो भाव घेत.

कारंजाकरांचे नशीब थोडे बरे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीची लहान रेल्वे सुरू झाली, आणि ती कारंजावरून गेली. हीच आपली शकुंतला. ती बांधली गेली मुख्यतः कापसासाठी. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिला जोडले होते, आणि त्याने तब्बल सत्तर वर्षे ही गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवून डिझेल इंजिन लावण्यात आले. पुढे तीही गाडी थांबली. वाशीम शहराला मीटर गेज मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, हिंगोली-खांडवा मार्ग झाला तेव्हा. आणि पूर्णा ते अकोला हा भाग २००८ मध्ये ब्रॉड गेज झाला. पण रेल्वे झाली तरी ती स्टेशनापासून स्टेशनापर्यंत. शेताच्या धुऱ्यापासून स्टेशनापर्यंतचे काम बैलांकडेच राहिले. ते बैलांच्या मानेवरून ज्याने उतरवले, ते डिझेल इंजिन. मग हे इंजिन जन्मले कोठे, आणि त्यात विशेष ते काय?

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन आईबापांचा मुलगा. त्याचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसला झाला. वाफेच्या इंजिनात इंधन फार वाया जाते, ही गोष्ट त्याला खटकत असे. शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर दहा-बारा रुपयांचे काम व्हायचे, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाफेतून निघून जायची. डिझेलने १८९२ मध्ये नव्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात वर्षानुवर्षे खटपट केली. १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाची रीतसर परीक्षा झाली तेव्हा इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामी आली. जगाला हे नवलच वाटले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर याच जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९१३ च्या सप्टेंबरात डिझेल आगबोटीने इंग्लंडला निघाला आणि रात्रीत बोटीवरून नाहीसा झाला. पुढे त्याचा मृतदेहच सापडला. आपले नाव खेड्यापाड्यांतल्या पंपांवर लिहिले जाईल, हे पाहायला तो राहिला नाही.

त्याची युक्ती काय होती, ते शिक्षकांनी वर्गात सहज दाखवावे. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट धरा, आणि जोरजोराने दट्ट्या दाबा. पंपाचे खालचे टोक गरम लागते. कोंडलेली हवा दाबली की ती तापते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबून ते विजेच्या ठिणगीने पेटवतात. फार दाबले तर मिश्रण अवेळीच भडकते, म्हणून दाब बेताचा ठेवावा लागतो. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा घेतात, आणि ती सोळाव्या किंवा अठराव्या हिश्श्याएवढी होईपर्यंत दाबतात. हवा इतकी तापते की नेमक्या क्षणी तेलाचा बारीक फवारा आत सोडला की तो आपोआप पेट घेतो. ठिणगी नको, प्लग नको. जास्त दाबामुळे त्याच तेलातून जास्त काम निघते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक उष्णता असते. आणखी एक गुण असा, की हे इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते. भरली गाडी चढावर मुंगीच्या पावलांनी चालली तरी इंजिन दम सोडत नाही. बैलांत जसा पळणारा बैल वेगळा आणि ओढणारा वेगळा, तसाच हा प्रकार.

मग सुरुवातीपासूनच मोटारींना ते का लावले नाही? कारण ते फार अवजड होते. एवढ्या दाबाखालच्या नळकांड्यात तेल सोडायचे तर त्याहून जास्त दाबाची हवा लागे, आणि ती दाबणारे यंत्र वेगळे बसवावे लागे. त्यामुळे ही इंजिने गिरण्यांत आणि जहाजांतच बसत. १९२३-२४ मध्ये बेंझ आणि एमएएन या जर्मन कारखान्यांनी मालमोटारीत बसेल असे डिझेल इंजिन करून दाखवले. १९२७ पासून बॉश कारखान्याने तेल फवारण्याचा आटोपशीर पंप मोठ्या प्रमाणात बनवायला सुरुवात केली, आणि वाट मोकळी झाली. हा पंप म्हणजे घड्याळजीचे काम. मोठ्या ट्रकच्या इंजिनातही एका वेळी जेमतेम एका थेंबाएवढे तेल जाते. पण ते मोजून, वेळेवर आणि दर मिनिटाला शेकडो वेळा गेले पाहिजे. आपल्याकडे ‘पंप-नोझलवाला’ मिस्त्री इतर मिस्त्र्यांहून वेगळा मानला जातो तो यामुळेच. भारतात या कामासाठी बंगळूरला १९५१ मध्ये मायको कंपनी निघाली. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला. नाशिकचा मायको सर्कल पुष्कळांनी पाहिला असेल. त्या नावामागे ही कथा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या सुमारास रस्त्यांवरच्या मालमोटारी बहुतेक पेट्रोलच्या होत्या. शेवरलेट, फोर्ड, डॉज आणि बेडफर्ड ही नावे जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी असत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करी; तो १९५४ मध्ये बंद झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकलेल्या गाड्याही पुष्कळांनी घेतल्या. या गाड्या धावत चांगल्या, पण पेट्रोल पाण्यासारखे पीत.

खेड्यातल्या माणसाला डिझेल इंजिन प्रथम भेटले ते मात्र रस्त्यावर नव्हे, विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत. साताऱ्याला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. देशात सुरुवातीची डिझेल इंजिने घडवणाऱ्यांत त्याचे नाव घ्यावे लागते. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. एका नळकांड्याचे, जड चाकाचे हे इंजिन हँडल मारून सुरू करायचे, आणि मग त्याचा ठोका दूरवर ऐकू यायचा. वीज गावोगाव पोचण्याआधी मोटेची जागा घेतली ती याने. मोठी गोष्ट अशी की त्याने गावात मिस्त्री तयार केले. तेल संपून नळीत हवा शिरली तर ती कशी काढायची, नोझल कसे साफ करायचे, रिंगा केव्हा बदलायच्या, हे ज्ञान कोणत्याही शाळेत न जाता पसरले. पुढे ट्रक आणि जीप आल्या तेव्हा त्या दुरुस्त करणारे हात आधीच तयार होते. डिझेल आपल्याकडे रुजले, याचे निम्मे श्रेय या हातांना आहे.

१९५४ हे साल महत्त्वाचे. जमशेदपूरला इंजिने आणि डबे बनवणाऱ्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला, आणि त्याच वर्षी डिझेलवर चालणारा टाटा-मर्सिडीज ट्रक कारखान्याबाहेर आला. सुमंत मूळगावकर हे मराठी अभियंते या कामाचे सूत्रधार. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरची तीन कोनांची चांदणी गेली आणि त्या जागी टाटांचे चिन्ह आले. पण ट्रक तोच राहिला. मूळगावकरांनीच १९६६ पासून पुण्याला पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभारला. दुसरीकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत. त्यांत पर्किन्स जातीचे डिझेल इंजिन बसवले जाई, आणि ती इंजिने मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत बनत. मद्रासजवळच्याच एन्नोरला अशोक लेलँड होती. म्हणजे साठाच्या दशकात ट्रक घेणाऱ्यापुढे ‘टाटा, लेलँड की पर्किन्स’ अशी निवड होती, आणि तिन्ही डिझेलच. पेट्रोलचा ट्रक मागे पडत गेला.

ट्रकवाल्यांच्या बोलण्यात ‘सहाशे ब्याण्णव’ आणि ‘सहाशे सत्त्याण्णव’ हे इंजिनाचे आकडे ऐकू येतात. त्यांचा अर्थ सोपा आहे. पहिला आकडा नळकांड्यांची संख्या, आणि पुढचे दोन म्हणजे नळकांड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. ६९७ म्हणजे सहा नळकांडी, व्यास ९७ मिलिमीटर. त्यात दट्ट्याची धाव १२८ मिलिमीटर. मुलांना वृत्तचितीचे घनफळ काढायला सांगा. सहा नळकांड्यांचे मिळून सुमारे ५,६७५ घन सेंटिमीटर येईल. पुस्तकातल्या गणितापेक्षा हे गणित त्यांच्या लक्षात अधिक राहील.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, खनिज तेलाची किंमत चौपटीने वाढली, आणि पेट्रोल सामान्याच्या आवाक्याबाहेर गेले. एसटी, रेल्वे, मालट्रक आणि शेतीचे पंप या सर्वांचे अन्न म्हणून सरकार डिझेलचा दर मुद्दाम कमी राखत असे. त्यामुळे लहान गाड्यांनाही डिझेलची ओढ लागली. जीपमधले पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवणारी गॅरेजे ठिकठिकाणी निघाली. महिंद्रांनी आपल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावरून जीपसाठी डिझेल इंजिन घडवले, आणि पुढे इगतपुरीला फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या धर्तीची इंजिने काढली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्याची डिझेल मॅटाडोर तर बाजाराच्या दिवशी माणसे, कोंबड्या, भाजी आणि कापसाची गाठोडी, सारे काही वाहू लागली.

तरीही मोठा ट्रक व्यापाऱ्याचाच राहिला, आणि याचे कारण साधे आहे. नऊ-दहा टनांचा ट्रक म्हणजे नव्वद ते शंभर क्विंटल माल. एवढा माल एका लहान कास्तकाराकडे एका वेळी निघत नाही. दहा जणांचा माल गोळा करणारा मध्ये लागतो, आणि तो आपली दलाली धरतो. शिवाय तो ट्रक गावच्या बोळात वळत नाही, पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत रुततो.

ही कोंडी फुटली ती १९८६ मध्ये. त्या सुमारास जपानी कंपन्यांच्या मदतीने चार नव्या हलक्या गाड्या आपल्या बाजारात उतरल्या : डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा आणि ऑल्विन-निसान. टाटांनी पुण्याच्या कारखान्यात स्वतःची गाडी तयार करून मैदानात आणली, ती चारशे सात. चार नळकांडी, तीन लिटरच्या आतले डिझेल इंजिन आणि अडीच टनांच्या आसपास ओझे. अडीच टन म्हणजे पंचवीस क्विंटल. हा आकडा एका घरच्या मालाचा आहे. दोघा भावांनी मिळून गाडी ठरवावी, रात्री भरावी आणि पहाटे बाजारात उभे राहावे, हे आता जमू लागले. पुढे सोयाबीनने आपल्या जिल्ह्यात कापसाची बरीच जागा घेतली, आणि पोत्यांत भरायचा हा माल अशा गाड्यांना सोयीचाच पडला.

शेवटची पायरी २००५ ची. त्या वर्षी टाटांची एस आली. दोन नळकांडी, ७०२ घन सेंटिमीटर आणि जेमतेम सोळा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. ओझे पाऊण टन, म्हणजे साडेसात क्विंटल. तीनचाकीच्या थोड्या वरच्या किमतीत चारचाकी मिळाली. खेड्यातल्या शिकलेल्या तरुणांनी कर्ज काढून ती घेतली, आणि वाहतूक हा पुष्कळांचा धंदाच झाला. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. महिंद्रांची बोलेरो पिकअप तर गावोगाव दिसू लागली. विहिरीवरचे डिझेल अशा रीतीने शेवटी कास्तकाराच्या अंगणात चाकांवर उभे राहिले. तांड्याच्या नायकाकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून गावातल्या पोराकडे, असा वाहतुकीचा कासरा हातांतून हात फिरत आला. भाव आजही बाजारच ठरवतो. पण वाशीमला आज भाव नसेल तर माल कारंजाला किंवा हिंगोलीला न्यावा, हा विचार करण्याची मुभा कास्तकाराला याच लहान गाड्यांनी दिली.

आता वर्तमानाकडे येऊ. डिझेल आपल्याकडे चार कारणांनी जिंकले : तेल स्वस्त, ओढ मोठी, इंजिन टिकाऊ आणि मिस्त्री गावातच. यांपैकी ओढ आणि टिकाऊपणा आजही आहेत. उरलेली दोन कारणे मात्र हलली आहेत, आणि गाडी घेणाऱ्याने ती समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण दराचे. २०१२ च्या सुमारास पेट्रोलच्या दोन-तृतीयांश किमतीत किंवा त्याहूनही कमी दरात डिझेल मिळत असे. जानेवारी २०१३ पासून सरकारने डिझेलचा दर थोडा थोडा वाढू दिला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यावरचे नियंत्रण पूर्ण काढले. तेव्हापासून दोहोंतले अंतर पुष्कळ आटले.

दुसरे कारण धुराचे. डिझेलचा धूर आरोग्याला वाईट, हे आता वादाचे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले. बंद गोदामात इंजिन चालू ठेवू नये, ही गोष्ट घरच्या सर्वांना सांगून ठेवा. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हा कडक नियम आला. डिझेलमधला गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणला गेला. नव्या गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी धरणारी गाळणी बसली. मोठ्या ट्रकांत तर युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली. हे पाणी म्हणजे शेतात टाकायचा युरिया घरी विरघळवून केलेले पाणी नव्हे, बरे का! ते ३२.५ टक्क्यांचे अगदी शुद्ध द्रावण असते. पोत्यातला युरिया त्यात घातला तर धुराची यंत्रणा निकामी होते आणि मोठा खर्च अंगावर येतो.

या सर्व सोयींमुळे इंजिन महाग झाले. ट्रकसारख्या मोठ्या गाडीत हा खर्च पचून जातो; लहान गाडीत तो बोचतो. म्हणून लहान गाड्यांत डिझेल मागे सरकू लागले. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये डिझेल इंजिनासह आली होती. नवे नियम आल्यावर तिचे डिझेल इंजिन बंद झाले, आणि पेट्रोल व सीएनजी एवढेच राहिले. २०२५ मध्ये टाटांची एस प्रो आली ती पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि वीज अशा तीन रूपांत. डिझेल तिच्यात नव्हते. शिवाय नव्या इंजिनाचा फवारा संगणक ठरवतो. जुना मिस्त्री कान लावून दोष सांगे. नव्या गाडीला आधी तपासणीचे यंत्र जोडावे लागते, आणि ते यंत्र बहुधा शहरातल्या मोठ्या गॅरेजात असते. तांडे गेले, बंड्या गेल्या, तशी ही वेळ आता गावच्या मिस्त्रीवर आली आहे. आयटीआयमधून हे नवे काम शिकलेली मुले गावाकडेच राहिली, तर आपला खोळंबाही वाचेल आणि त्यांची रोजीही.

मग घ्यावे काय? हिशेब मांडून पाहा. समजा, एकाच मापाच्या दोन गाड्यांत डिझेलची गाडी ६०,००० रुपयांनी महाग आहे, आणि ती दर किलोमीटरला दीड रुपया वाचवते. म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला ४०,००० किलोमीटर लागतील. ज्याचा वाहतुकीचाच धंदा आहे, जो रोज शंभर किलोमीटर धावतो आणि वर्षाला तीनशे दिवस काम करतो, त्याचे हे अंतर सोळा महिन्यांत भरेल. त्याने डिझेल खुशाल घ्यावे. पण जो फक्त सुगीत घरचा माल नेतो आणि वर्षाला चार हजार किलोमीटरच गाडी फिरवतो, त्याला दहा वर्षे लागतील. तोवर गाडीच जुनी होईल. आकडे आपल्या गाडीचे घाला, दर आपल्या पंपावरचे घाला, उत्तर आपोआप येईल. भाजीपाला किंवा दूध घेऊन रोज ठरलेल्या थोड्या अंतरात फिरणाऱ्याने विजेच्या गाडीचाही विचार करावा, मात्र चार्जिंगची सोय आणि दुरुस्तीचे ठिकाण आधी पाहून. सीएनजीबाबतही हेच : पंप जवळ असेल तरच. ओझे जड, चढ पुष्कळ आणि पल्ला लांब असेल, तर आजही डिझेललाच वरचा मान आहे.

आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरची वाट मुंबईच्या दाराशी पोचली. कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून मोठमोठ्या मालगाड्या रात्रंदिवस धावतात. त्यांत आपला माल किती आणि कोणाच्या नावावर, हे ठरणार आहे ते मात्र धुऱ्यापासून त्या महामार्गापर्यंतच्या आठ-दहा मैलांत. एकेकट्याला गाडी परवडत नसेल तर चार-पाच घरांनी किंवा शेतकरी गटाने मिळून एक घ्यावी, वर्षभर तिला काम राहील असे पाहावे, आणि पावती-नोंदी लिहिण्याचे काम शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींवर सोपवावे. कर्जाचा हप्ता सुगीला जमेल असा बांधून घ्यावा, कारण बँक पावसाची वाट पाहत नाही. इंजिन कोणतेही असो, गाडीचे भाडे, तेल, टायर आणि दुरुस्ती वजा जाता क्विंटलमागे हाती काय उरले, हे वहीत लिहिलेले असले म्हणजे पुढची गाडी कोणती घ्यायची, हे विचारायला दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.